कामूनसाहेबांचं इंट्रानेट

आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना कामूनसाहेब म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. गुलबर्ग्याहून बदलून आलेल्या एका नवीन माणसानं एकदा त्यांना खऱ्या नावानं दोन-तीनदा हाक मारली, तर त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आमची कंपनी बियाणं आणि डाळीची. मुख्य ऑफिस बिदरला, मैलूर भागात. शाखा भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद, गुलबर्गा आणि अलीकडं आमचं उदगीर. कामूनसाहेब मुख्य ऑफिसात प्रशासन अधिकारी होते. म्हणजे खुर्ची घेण्यापासून भिंत रंगवण्यापर्यंत कुठलाही खर्च त्यांच्या टेबलावरून पुढं जायचा, आणि बहुतेक वेळा जायचा नाही. कागद समोर आला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कामून?", म्हणजे 'का?'. उत्तर दिलं की पुन्हा, "ते कामून?" तिसऱ्या वेळेपर्यंत पुष्कळसे लोक आपला कागद उचलून मुकाट परत जात.

विक्री विभागाला एकदा आणखी एक पंखा हवा होता.

"कामून?"

"गरम व्हायलंय, साहेब."

"ते कामून?"

"वारं येत न्हाई."

"ते कामून?"

साहेब उठून त्या खोलीत गेले. खिडकीपुढं चार वर्षांपासून एक कपाट उभं होतं. दोन हमालांना बोलावून त्यांनी ते हलवलं, खिडकी उघडली, आणि पंख्याच्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. ती तांबडी रेघ आमच्याकडं प्रसिद्ध होती.

साहेब मूळचे भालकीजवळच्या मेहकरचे. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. घरातून शाळेच्या बाकावर बसलेले हे पहिलेच. कंपनीत लागले ते गोदामावर कट्टे, म्हणजे पोती, मोजायला. घरी मराठी, मालकांशी कन्नड, ड्रायव्हर लोकांशी दखनी असा त्यांचा कारभार होता. पण कुठल्याही भाषेत बोलत असले तरी 'का' विचारायची वेळ आली की शब्द एकच. कन्नडमध्ये 'याके' असं सोपं असताना मालकांनासुद्धा ते 'कामून' म्हणायचे.

फोनवर ते नेहमी उभं राहून बोलत. बसून बोललं की बोलणं लांबतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच न्यायानं त्यांनी मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या काढून टाकल्या. स्वतः मात्र बसायचे. एकदा मी तक्रार केली, तर म्हणाले, "मला गुडघे हायेत."

"आम्हालाही आहेत की, साहेब."

"तुमचे तरुण हायेत."

ते बसायचे त्या स्टुलाबद्दल सांगायला हवं. कॅनव्हासचं, घडीचं स्टूल होतं. शाखेवर जाताना ते काखेत घेऊन साहेब एसटीत चढायचे. मालकांची जीप ते घ्यायचे नाहीत. शाखेत मॅनेजरच्या केबिनमध्ये पाऊलही टाकायचे नाहीत. एखाद्या कारकुनाच्या टेबलाशेजारी स्टूल उघडायचं आणि दहा ते पाच तिथं बसून राहायचं. बोलायचं काही नाही. ज्याच्या शेजारी ते बसले त्याची पहिला तासभर बोबडी वळलेली असायची. पुढचे दोन तास तो साहेबांना दाखवायला म्हणून झपाट्यानं काम करायचा. जेवणानंतर मात्र माणूस विसरून जायचा की शेजारी कुणी बसलंय, आणि रोजच्यासारखा वागायला लागायचा. साहेबांना बघायचं असायचं ते जेवणानंतरचं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती इंट्रानेटमुळं. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी लातूरला कंप्युटर शिकून कंपनीत लागलो होतो. कंप्युटर विभाग म्हणजे मी एकटाच. साहेब मला 'कंप्युटर' अशीच हाक मारायचे.

मालक बेंगळुरूला एका सोयऱ्याच्या कंपनीत जाऊन आले आणि मला बोलावून म्हणाले, "त्यांच्याकडं एक असतंय बघा. कंपनीच्या आतल्या आतच चालतंय. सगळ्या शाखांत एकच पान दिसतंय. आपल्याला बी पाहिजे."

मला आकाश ठेंगणं झालं. खरं सांगायचं तर कंपनीच्या भल्यासाठी नव्हे. मी तेव्हा गुपचूप पुण्यात नोकरी शोधत होतो, आणि असलं एक मोठं काम नावावर असलं की पुण्याची दारं उघडतील असा माझा हिशेब होता. म्हणून मी हैदराबादच्या एका कंपनीला बोलावलं. भादव्याच्या उकाड्यात टाय लावून दोघं जण आले. त्यांनी ऐंशी पानांचा चकचकीत प्रस्ताव दिला. पहिल्या पानावर कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरणार. त्याखाली मालकांचा फोटो आणि रोजचा संदेश. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, समारंभांचे फोटो, गप्पांची खोली, हवामान, आणि हे सगळं तीन भाषांत. मालकांना फोटो फार आवडला. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं, आकडा बघितला आणि पाणी मागवलं.

"कामूनसाहेबांकडं द्या," पाणी पिऊन ते म्हणाले.

साहेबांनी चार दिवस तो प्रस्ताव वाचला. पाचव्या दिवशी त्या दोघांना पुन्हा बोलावलं, अर्थात उभं केलं, आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"ये कामून फिरता?"

"साब, अच्छा दिखता."

"किसको?"

"देखनेवाले को, साब. स्टाफ को."

"स्टाफ को अपनी कंपनी का निशान मालूम नै क्या? तनखा की चिट्ठी पे रहता ना."

पहिली तांबडी रेघ. मग वाढदिवस आले.

"माझा वाढदिवस शाळेत मास्तरनं एक जून टाकलाय," साहेब मला म्हणाले. "ह्या कंपनीत निम्म्या लोकांचा एक जूनच हाय. त्या दिवशी तुझं मशीन फुटंल की रे."

संध्याकाळपर्यंत ऐंशी पानांतली सत्तर तांबडी झाली होती. हैदराबादवाले नमस्कार करून गेले ते गेलेच. मी इतका चिडलो होतो की साहेबांशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन माझ्या टेबलाजवळ आले.

"चल. भालकीला जाऊ."

"कशाला?"

"लोकांना काय लागतंय ते बघू. तुला ठावं हाय का?"

"मला माहीत आहे, साहेब."

"कसं?"

मी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

भालकीच्या शाखेत माल पाठवायचं काम एक बाई बघत. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. चाळिशीच्या, कन्नड घरातल्या, पण मराठी आमच्याहून फर्डी. साहेबांनी त्यांच्या एका बाजूला स्टूल टाकलं, दुसऱ्या बाजूला मला बाकावर बसवलं. अक्कांचा फोन दिवसभर वाजत होता. आम्ही नुसतं ऐकत होतो. पाच वाजता बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "लोक काय काय विचारत हुते?"

मी आठवायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या फोनांत प्रश्न चारच होते. कुठल्या गोदामात किती कट्टे आहेत? गाडी निघाली का? आजचा भाव काय? आणि अमक्या माणसाचा नंबर काय?

पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही सगळ्या शाखा केल्या. तेच चार प्रश्न, वेगवेगळ्या भाषांत.

मला वाटलं, आता तरी काम सुरू होईल. पण साहेबांनी सात काळे फळे विकत आणले आणि एकेक प्रत्येक ठिकाणी लावला. फळ्यावर खडूनं चौकटी आखल्या. रोज सकाळी दहाला मी सगळ्या शाखांना फोन करायचा, आकडे घ्यायचे-द्यायचे, आणि तिथल्या माणसानं ते चौकटीत लिहायचे. चार चौकटी आमच्या प्रश्नांच्या. शिवाय हैदराबादवाल्यांच्या आवडत्या काही: मालकांचा संदेश, वाढदिवस, सूचना.

"हे कामून?" आता मीच विचारलं. रागानंच.

"खडूनं पुसता येतंय. मशीनमधलं पुसायला पुन्हा तू पैशे मागशील."

आणि नियम असा की फळा भरला की भरला. नवीन चौकट पाहिजे असेल तर आधीची एक पुसायची. कुठली पुसायची ते मागणाऱ्यानंच सांगायचं. गुलबर्ग्याच्या मॅनेजरनं पंधरा दिवसांत नऊ नव्या चौकटी मागितल्या आणि प्रत्येक वेळी 'काय पुसू' या प्रश्नावर फोन ठेवून दिला.

माझी त्या काळात फार नाचक्की झाली. कंप्युटर शिकलेला माणूस हातात खडू घेऊन उभा. लातूरचा एक मित्र बिदरला आला होता, तो फळा बघून पोट धरून हसला.

पण महिन्याभरात गंमत दिसायला लागली. चार चौकटींपुढं माणसं उभी असायची. औरादला वाढदिवसाच्या चौकटीत क्रिकेटचा स्कोअर लिहिला जाऊ लागला. आणि संक्रांतीनंतर मालक अचानक बसवकल्याणच्या शाखेत गेले, तर 'मालकांचा संदेश' या चौकटीत 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' अजून शाबूत. ना कुणी पुसल्या होत्या, ना वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मॅनेजरांची मीटिंग. मालक तापलेले. "चौकट कामाची न्हाई असं न्हाई," ते म्हणाले, "लोकांना सवय न्हाई. कंप्युटरमध्ये माझा फोटो राहू द्या. संदेश बी राहू द्या."

साहेब स्टुलावर बसलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आम्हा सगळ्यांना कळलं आता काय होणार, आणि कुणीच ते थांबवू शकणार नव्हतं.

"कामून?" साहेबांनी मालकांना विचारलं.

मालकांचा चेहरा लाल झाला. "कामून म्हणजे? कंपनी माझी हाय म्हणून!"

"ते बरोबर," साहेब शांतपणे म्हणाले. "पर मालक, तुम्ही महिन्याला एकदा भालकीला जाताव. अक्कांच्या टेबलापाशी उभं राहून, घरी पोरं कशी हायेत विचारताव. ते अक्का महिनाभर सांगत बसतात. मी कानानं ऐकलंय. फोटोला पोरांचं विचारता येणार हाय का?"

मालकांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "पुसा," ते म्हणाले. "माझीच चौकट पुसा. सोडू नका तुम्ही कुणाला."

अशा रीतीनं आमचं इंट्रानेट चार चौकटींचं ठरलं, आणि ते मी एकट्यानं तीन महिन्यांत लिहिलं. लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हटल्यावर मात्र साहेबांची झोप उडाली. खर्च नाही म्हणून घाबरलेले साहेब मी तेवढे एकदाच पाहिले.

"फुकट कामून?"

"जगभरची माणसं मिळून लिहितात, साहेब. कुणी पैसे घेत नाही."

"मग त्यांचं पोट?"

पुढं कित्येक दिवस चहा पिताना मध्येच ते म्हणायचे, "त्या लोकांचं काय कळलं का रे?"

एप्रिलअखेर पान सुरू झालं. आता ते साधं पान मलाही आवडायला लागलं होतं. पण त्यात एक घोटाळा होऊन बसला होता. सामानाच्या यादीत मी दुसरी हार्डडिस्क लिहिली होती, नोंदींची रोज नक्कल ठेवण्यासाठी. साहेबांनी विचारलं, "कामून?" मी तेव्हा कंटाळलेलो होतो. त्यांना कळणार नाही असा एक इंग्रजी शब्द फेकला आणि म्हणालो, "असावी लागते." तांबडी रेघ पडली. मनात म्हटलं, पडू दे. भोगतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सोयाबीनचं बियाणं पाठवायची सगळ्यात घाई असताना, पहिली डिस्क बंद पडली. सात गोदामांतले कट्टे, वाटेवरच्या गाड्या, सगळं गेलं. तोवर लोकांना पानाची इतकी सवय झाली होती की फळे कोपऱ्यात पडले होते. भालकीला पेरणीचं बियाणं न्यायला आलेली माणसं रांगेत उभी, आणि ते कुठल्या गोदामात आहे ते कुणाला सांगता येईना.

मी धावत माझ्या टेबलाकडं गेलो. डिस्क नीट करायला नव्हे. तांबडी रेघ मारलेली ती यादी मी जपून ठेवली होती, ती काढायला. कागद घेऊन मालकांच्या केबिनपाशी पोचलो तर साहेब आत होते. दार अर्धं उघडं होतं.

"दुसरी डिस्क मागितली हुती त्यानं," साहेब सांगत होते. "मी काट मारली. चूक माझी हाय. त्या पोराला काय बोलू नका."

मी कागद घडी घालून खिशात टाकला. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर फार कमी वेळा वाटली असेल.

साहेब बाहेर आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ते डिस्कचं तुला कळत हुतं. मला कळत नव्हतं. मग समजून सांगायचं कुनी?"

"मी, साहेब."

"मग न्हाई कामून सांगितलंस?"

मी खाली बघितलं. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनीही तिसऱ्यांदा विचारलं नाही. असं मी त्यांना पहिल्यांदाच सोडून देताना बघितलं.

मग चार दिवस आम्ही दोघं गोदामोगोदाम फिरलो. त्या वेळी साहेब आपणहून जीपमध्ये बसले. साहेब थप्पीवरून थप्पीवर हात फिरवत कट्टे मोजत, मी लिहून घेत असे. तीस वर्षांपूर्वी हेच काम केलेला माणूस होता तो. कोहिनूर गावाकडच्या एका गोदामात त्यांनी नुसती नजर टाकून आकडा सांगितला, आणि मोजल्यावर सहा कट्ट्यांचा फरक निघाला. ते सहा दारामागं निघाले. चौथ्या दिवशी पान परत सुरू झालं, बियाणं वेळेत गेलं. बिदरला येताच साहेबांनी एक नाही, दोन डिस्का मागवल्या. एक मुख्य ऑफिसात, दुसरी भालकीला अक्कांच्या कपाटात.

दोन्हीकडं एकाच दिवशी आग लागत नसते, असं त्यांनी मला उलट समजावून सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी नवीनच टुमणं लावलं. रोज दुपारी तासभर मी अक्कांना फोनवरून आणि लेखा विभागातल्या एकाला समोर बसवून पानाचं सगळं काम शिकवायचं. कुठं बिघडलं तर काय करायचं ते मराठीत वहीत लिहून काढायचं. सहा महिने हे चाललं. मी वैतागून म्हणालो, "साहेब, मी आहे ना इथं?"

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

पुण्याच्या मुलाखतीचं मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

"तू टाय घेतलास बाजारातून," साहेब म्हणाले. "कामून घेतलास ते इचारलं का मी? पोरं जायलीत पुण्याला, हैदराबादला. तू बी जाशील. हैदराबादवाल्यांना बोलावलंस तेव्हाच मला कळलं. ते खर्चात धरूनच ठेवलंय मी."

"खर्चात?"

"एकट्याला येणारं काम त्याच्यासंगं निघून जातंय. मग ते पुन्हा पहिल्यापासून करा. त्यापेक्षा वही स्वस्त." मग म्हणाले, "आता तुला जाताना मागं बघावं लागणार न्हाई. जा की."

फेब्रुवारीत मी पुण्याला गेलो.

पुण्यात माझे बरे दिवस आले. अधूनमधून बिदरहून फोन यायचा, बहुतेक रविवारी. कधी अक्कांचा, कधी साहेबांचा. तब्येत कशी, जेवण कुठं करतोस, लग्नाचं काय. मी हरखून बोलायचो. आणि फोन ठेवायच्या आधी सहज विचारल्यासारखं, "ते आपलं पान उघडंना बघ, काय करावं?" मी सांगायचो. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. पाच वर्षं हे चाललं.

मग एका लग्नासाठी बिदरला गेलो तेव्हा ऑफिसात डोकावलो. अक्का आता मुख्य ऑफिसात आल्या होत्या आणि चक्क माझ्या जुन्या खोलीत बसल्या होत्या. साहेब निवृत्त होऊन मेहकरला राहायला गेले होते. अक्कांनी मला पान दाखवलं. त्याच चार चौकटी. आणि खाली एक पाचवी.

"ही कुणी घातली?" मी चकित होऊन विचारलं.

"साहेबांनी. रिटायर झाले त्या दिवशी. म्हणले, आजवर काय मागितलं न्हाई, एवढी एक द्या."

चौकटीवर लिहिलं होतं, 'गेलेली माणसं'. आत चाळीसेक नावं. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, एक दुबई. प्रत्येकापुढं फोन नंबर आणि त्याला काय काय येतं ते. ट्रकांचं, बियाण्याच्या परवान्याचं, बँकेचं. पहिलं नाव माझं होतं. पुढं लिहिलं होतं, 'कंप्युटर. रविवारी सापडतो. आधी तब्येत विचारावी.'

मी अक्कांकडं पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"साहेब म्हणले, बाहेरचा माणूस बोलावला की बिल येतंय. आपला गेलेला माणूस आनंदानं सांगतंय." मग हसू आवरून म्हणाल्या, "पर खरं सांगू का? ज्यांना काय बी येत नव्हतं त्यांची बी नावं हायेत यात. तो पाणी भरणारा म्हातारा, नातवाकडं गेलेला. त्याच्यापुढं नुसतं 'फोन करावा' असं हाय. कामून म्हणून इचारलं मी, तर साहेब काय बोललेच न्हाईत."

यादीच्या तळाशी साहेबांचं स्वतःचं नाव होतं. मेहकर. सकाळी दहाच्या आधी फोन करू नये.

मी यादीत पुन्हा वर आलो आणि माझ्या नावापुढचा नंबर वाचला. "अक्का, हा जुना झाला. गेल्या महिन्यात बदललाय मी."

"अगंबाई. मग सांग, लिहून घेते."

"थांबा," मी म्हणालो, आणि खुर्ची पुढं ओढून नवा नंबर मीच टाकला. मग 'रविवारी' हा शब्द पुसला.